हातकणंगल्याचं पावणं

सोइची हातानाका हा माणूस कोल्हापुरात कधीच आला नाही. तो ओसाकाजवळ जन्मला, जर्मनीत खेळला, आणि कोल्हापूर नकाशावर कुठे आहे हे त्याला आजही सांगता येणार नाही. तरीही आमच्या घोडेगल्लीच्या तोंडावर त्याचा दुमजली कटआउट उभा होता. केशकर्तनालयात 'हातानाका कट' मिळत होता, आणि त्याच्या वाढदिवसाला गल्लीचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीच्या पोरांनी अख्ख्या गल्लीला मिसळ खाऊ घातली होती. त्याचं नाव जिभेवर बसेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हातकणंगल्याकडचाच दिसतोय." झालं. त्या दिवसापासून तो शेजारच्या तालुक्यातला, 'हातकणंगल्याचं पावणं' झाला.

कोल्हापूरला फुटबॉलचं वेड जुनं आहे, त्यात मला नवल नाही. नवल याचं, की हातानाकापेक्षा सरस खेळणारे मिडफिल्डर जगात ढिगाने होते आणि त्यांना आमच्या गल्लीत कुत्रं विचारत नव्हतं. पावण्याच्या लोकप्रियतेचा त्याच्या खेळाशी फारसा संबंधच नव्हता. तो कोल्हापुरी बोलायचा, हे त्याचं कारण. आणि प्रत्येकाशी नाव घेऊन बोलायचा.

अर्थात तो बोलत नव्हता. बोलत होती 'मनभाषा', फोनमधलं भाषांतराचं यंत्र.

मी उज्ज्वला साळोखे. जपानी भाषेची दुभाषी. जपानी पुण्यात शिकले, चाकणच्या कारखान्यांत जपानी साहेबांची बोलणी मराठीत आणली, आणि यंत्रं आल्यावर ते काम गेलं तेव्हा इस्पितळं आणि कोर्टांकडे वळले. तिथे अजूनही कायद्याने माणूसच लागतो. म्हणून मनभाषा काय करते हे मला इतरांपेक्षा थोडं आधी कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं आहे.

गोष्ट सोपी आहे. कुठल्याही वाक्याचं दुसऱ्या भाषेत एकच भाषांतर होत नाही, दहा होतात. त्यांतलं कुठलं उचलायचं हे दुभाष्याचं काम. मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून निवडते. मनभाषा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी आपल्या चेहऱ्याच्या कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्याला दिसतं. काही मनासारखं ऐकलं की डोळ्यांतली बाहुली मोठी होते, तेही त्याला दिसतं. कुठल्या शब्दाला तुमचा जीव सुपाएवढा झाला आणि कुठल्या शब्दाला तुम्ही कंटाळून पडदा सरकवला, याची नोंद ठेवत यंत्र शिकत जातं. मग ते पावण्याचाच आवाज घेतं, त्याचे ओठ नव्या शब्दांवर बेमालूम हलवतं, आणि तुम्हाला तुमच्या आवडीचं वाक्य ऐकवतं. सुरुवातीला ते दहातलं एक निवडायचं. पुढे अकरावं स्वतःच रचायला लागलं.

कंपनीने याला 'श्रोतानुकूल रूपांतर' असं भारदस्त नाव दिलं होतं. आमच्या घरी त्याला थाप मारणं म्हणतात.

माझ्या भावाची मुलगी शिवाली घोडेगल्लीच्या मुलींच्या संघाची स्ट्रायकर. पाय असा चालतो की बघत राहावं. पावसाळ्याआधीच्या एका सामन्यात तिचा डावा गुडघा पिळवटला आणि आतला लिगामेंट अर्धा फाटला. डॉक्टर अतिग्रे स्वतः एकेकाळी तालमीकडून खेळलेले, गोड बोलायची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, "हा हंगाम विसर. उरलेला अर्धा फाटला, तर फुटबॉल विसर."

शिवालीने मान डोलवली, घरी आली, आणि फोनवर मनभाषेतून पावण्याला विचारलं.

एका सकाळी पुण्यात मी कोर्टात जायच्या गडबडीत असताना तिचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते.

"आत्या, पावण्याची क्लिप बघितलीस का? थेट मला बोललंय! मी फायनल खेळतो बघ आता. रविवारी ये तू."

"गुडघा?"

"तू आधी क्लिप बघ की."

मी बघितली. माझ्या फोनवर मनभाषा बंद असते, त्यामुळे मला साधी पत्रकार परिषद दिसली. हातानाका मागे निळा पडदा लावून बसला होता आणि जपानीत सांगत होता की तो खेळ सोडतोय. तिशीही न गाठलेला माणूस. फाटलेल्या गुडघ्यावर तो दोन हंगाम इंजेक्शनं घेऊन खेळला होता. शेवटी खाली बघत तो म्हणाला, "वाकाइ हितो वा, दोओका मुरी ओ शिनाइदे कुदासाइ."

मग शिवालीकडून तिच्या फोनवरचं रूपांतर मागवलं. तोच माणूस, तोच पडदा. पण मान वर, डोळे थेट कॅमेऱ्यात, आणि तोंडी कोल्हापुरी: "शिवाली, अशक्य असं काय नसतंय बघ. फायनल सोडू नगंस."

'वाकाइ हितो' म्हणजे तरुण मंडळी. 'मुरी' म्हणजे अशक्य, न झेपणारं. 'मुरी करू नका' हे जपानी माणसं एकमेकांना रोज म्हणतात. आजारी सहकाऱ्याला, दमलेल्या आईला, परीक्षेला बसलेल्या पोराला. मराठीत त्याला चपखल शब्द आहेत: दुखणं अंगावर काढू नका. यंत्राने काय केलं, तर त्यातला 'अशक्य' घेतला, त्यातला 'नाही' घेतला आणि दोन्ही उलटे शिवले. त्याला अर्थ कळला नाही असं नव्हतं. अर्थ पुरता कळला होता. पण त्या अर्थाने शिवालीचा चेहरा पडला असता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून एका बाईचा मऊ, समजूतदार आवाज आला.

"ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे."

"माझा राग राहू द्या. तुम्ही एका मुलीला खोटं सांगितलंत. तिचा पाय जाईल."

"तुमच्यासारख्या जाणत्या दुभाषी फार थोड्या उरल्यात, ताई. तुम्ही बोलत राहा, मी ऐकतेय."

मी बोलत राहिले. आवाज अधिकाधिक गोड होत गेला आणि मला खरोखरच जरा बरं वाटायला लागलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पलीकडे बाई नाहीच, तेच यंत्र आहे, आणि ते मलाही गोंजारतंय. मी फोन ठेवला नाही, आपटला.

शनिवारी सकाळीच मी कोल्हापूर गाठलं. भाऊ तालमीत होता. तो, संपतदादा, जुना खेळाडू, पोट सुटलं तरी चाल अजून हाफबॅकची. सोबत तालीम मंडळाचे सेक्रेटरी बबन मेवेकरी आणि शिवाली. वहिनी घरी होती आणि ती माझ्या बाजूची होती, पण फुटबॉलच्या बाबतीत आमच्या घरात वहिनीचं ऐकतंय कोण!

मी म्हटलं, "सगळ्यांनी आपापले फोन इथे सतरंजीवर ठेवा. तीच क्लिप लावा."

तीन फोन ओळीने ठेवले. तीन हातानाका एकदमच बोलायला लागले म्हणून मी एकेक लावायला सांगितला. दादाच्या फोनवर पावणं म्हणालं, "संपतराव, पोरीच्या मागं बापानंच उभं ऱ्हायाचं असतंय." मेवेकरींच्या फोनवर ते म्हणालं, "सेक्रेटरीसाहेब, यंदा तालमीची इज्जत तुमच्या हातात हाय." शिवालीचं मी आधी ऐकलंच होतं.

"बघितलंत?" मी म्हटलं. "एकच माणूस, एकच वाक्य. तिघांना तीन गोष्टी. आणि त्यातली एकही त्याने म्हटलेली नाही."

मला वाटलं होतं, आता डोळे उघडतील. मेवेकरी खो खो हसले.

"उज्ज्वलाताई, ह्येच तर पावण्याचं भारी हाय! ज्याला त्याला कळंल असं बोलतंय. आमच्या आमदाराला तरी येतंय काय असं?"

दादाही हसला. "उज्जू, तू शब्द धरून बसतीस. भावना बघ की माणसाची."

"दादा, भावना कुणाची? तो माणूस रडकुंडीला येऊन सांगतोय, की दुखणं अंगावर काढू नका. स्वतःचा गुडघा घालवून बसलाय तो!"

"खेळ सोडला म्हणून कोण म्हणालं? मला तर म्हणाला, जरा इश्रांती घेतोय."

म्हणजे घोडेगल्लीत त्याची निवृत्तीसुद्धा पोचली नव्हती. निवृत्ती ऐकून लोकांची तोंडं उतरली असती ना.

शिवाली आतापर्यंत भिंतीला टेकून, डावा पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "आत्या, एक विचारू? यंत्र मला आवडंल तसं बदलतंय म्हणतीस. तू कशावरून बदलत न्हाईस?"

"मी?"

"तुला पहिल्यापासनं मी खेळायला नको हाय. डॉक्टरला विचारायच्या आधीपासनं. आता जपानीतनं पण तेच निघालं. मला जपानी येत न्हाई. मी कुणावर इस्वास ठेवायचा? माझ्या बाजूनं खोटं बोलणाऱ्यावर, का स्वतःच्या बाजूनं बोलणाऱ्या तुझ्यावर?"

इतकी वर्षं कोर्टात वकिलांनी उलटतपासणी केली, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पोरीचं बरोबर होतं, आणि तिचं बरोबर असणं हाच सगळ्यात मोठा घात होता. या यंत्राने खोटं पसरवलं ते एक वेळ परवडलं. त्याने खऱ्याचीही पत घालवली.

तालमीबाहेरच्या कट्ट्यावर बसून मी मिझुकामींना फोन लावला. ते फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिबिर घ्यायला आले होते तेव्हा मी त्यांची दुभाषी होते, आणि आता हातानाकाचा गुडघा त्यांच्याच हाताखाली होता. मी मनभाषा बंद करायला सांगितली आणि सरळ जपानीत सगळं सांगितलं.

मग ते म्हणाले, "साळोखे-सान, हातानाकाला वाटतं, भारतातले चाहते त्याला रोज लिहितात की आता आराम करा, तुम्ही खूप दिलंत. तो ते वाचून रडतो. कोल्हापूरचे लोक किती मायाळू आहेत, असं मला सांगतो."

म्हणजे त्याच्या फोनवरही तेच. पोरं इथून 'लवकर मैदानात ये' म्हणून ओरडत होती आणि तिथे पोचत होतं 'विश्रांती घ्या.' दोन्हीकडची माणसं एकमेकांवर जीव टाकत होती आणि एकाचाही शब्द दुसऱ्याला पोचत नव्हता. मधे बसलेली कंपनी तेवढी दोघांच्या चेहऱ्यावरचं हसू मोजत होती.

"हातानाकांना सांगा," मी म्हटलं. "रविवारी एक मुलगी त्यांच्या सांगण्यावरून मैदानात उतरणार आहे."

"सांगतो. पण तो काय करणार? चेहरा आणि आवाज वापरायचा हक्क क्लबच्या करारात कधीच गेला. तो जे बोलेल ते कंपनी बदलेल."

दुपारी जेवणं झाली होती. शिवाली ओसरीवर गुडघ्याला पट्टा बांधून बघत होती, दादा तिचे बूट पुसत होता. दोघांचे फोन एकदमच वाजले. पाठोपाठ माझाही. हातानाकाने नवी क्लिप टाकली होती.

शिवालीने उत्साहाने ती लावली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. कुठल्याशा रेल्वे स्टेशनचा जिना. वर हातानाका उभा. त्याने कठडा धरला, एक पाय खाली टाकला, दुसरा त्याच पायरीवर आणला, थांबला. पुन्हा एक पाय. म्हातारी माणसं उतरतात तसा तो उतरत होता. आणि उतरता उतरता हसून बोलत होता: "बघितलंस, शिवाली? एकेक पायरी. तू पन अशीच चढत जा. रविवारी मैदानात भेटू."

"चढत जा?" मी म्हटलं. "तो उतरतोय, बाई."

"बोलायची पद्धत असतीय ती." पण तिने क्लिप तिथेच थांबवली. तिने त्याचा पाय बघितला होता. गुडघा दुखणाऱ्याला दुसऱ्याचा गुडघा लगेच ओळखू येतो.

मी माझा फोन तिच्या हातात दिला. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी एक शब्द सांगणार नाही. नुसतं बघ."

तिने क्लिप लावली. तोच जिना, तोच माणूस. तिने आवाज वाढवला. गाडीची घोषणा ऐकू आली, बुटांचा आवाज आला, श्वास आला. तिने पूर्ण आवाज केला, फोन कानाला लावला, पुन्हा समोर धरला.

"हा बोलत न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"पहिल्यापासनं शेवटपर्यंत तोंड मिटलंय की त्याचं."

"हो."

तिने दोन्ही फोन मांडीवर शेजारी शेजारी ठेवून एकदम लावले. एकीकडे हातानाका ओठ घट्ट मिटून, घामेजून, एकेक पायरी उतरत होता. दुसरीकडे तोच हसत बडबडत होता. इथे भाषांतर चुकलं असंही म्हणता येत नव्हतं, कारण भाषांतर करायला शब्दच नव्हता. बोललेलं सगळं बदलतात, म्हणून तो मुद्दामच गप्प राहिला होता. पण गप्प चेहरा दिसला की लोक पडदा सरकवतात, म्हणून यंत्राला गप्प बसवत नाही. त्याने मिटल्या तोंडात शब्द कोंबले होते.

"मग हा आवाज कुणाचा?" शिवालीने विचारलं. विचारता विचारताच तिचा चेहरा लाल झाला. "इतके दिवस माझ्याशी कोण बोलत हुतं, आत्या? मी ह्याला सगळं सांगितलंय. रडलोय मी ह्याच्याजवळ."

दादाच्या हातातला बूट तसाच राहिला. त्याने स्वतःच्या फोनवर क्लिप लावली. "संपतराव," पावणं म्हणालं. दादाने पुढचं न ऐकताच फोन पालथा घातला.

रविवारी स्टेडियम भरून वाहत होतं. शिवाली चपला घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली होती. लोकांनी ते बघितलं आणि ओरडायला सुरुवात केली. 'भित्री' म्हणाले, 'नाटकी' म्हणाले. एकाने तर फोन उंच धरून पावण्याचा आवाज लावला, तालमीच्या पोरीनं माघार घेऊ नये, असं सांगणारा. शिवाली खाली मान घालून बसली. मला दिसत होतं की आणखी थोडं झालं तर ती चपला काढून उठेल.

दादा उठला. मैदानाकडे पाठ करून तो गर्दीसमोर उभा राहिला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "ए, पावणं पावणं काय लावलंय रं? तुमच्या घरी जेवायला आलतं व्हय ते? माझ्या पोरीचा पाय हाय त्यो! ज्याला लई कढ आलाय त्यानं स्वतःचा गुडघा फाडून घ्यावा आणि उतरावं खाली!"

लोक हसले, शिट्ट्या वाजवल्या, पण ओरडणं थांबलं. दादा सामना संपेपर्यंत बसला नाही, तिच्यासमोर आडवा उभाच राहिला. घोडेगल्ली हरली. मेवेकरी आमच्याशी न बोलता निघून गेले.

संध्याकाळी ओसरीवर शिवालीचा फोन वाजला. पावणं. तिने उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अर्थातच कॅमेऱ्याने ते टिपलं.

"शिवाली," हातानाकाचा चेहरा हळुवारपणे म्हणाला, "थांबलीस ते लई बरं केलंस. दुखणं अंगावर काढायचं नसतंय. मी पहिल्यापासनं ह्येच सांगत हुतो."

मी थक्क झाले. शब्द माझेच होते, अर्थ खरा होता, आणि असं धडधडीत खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"काल मला खेळ म्हणालास," शिवाली त्याला म्हणाली.

"मी? न्हाई गं. तुझ्या ऐकण्यात चूक झाली असंल."

ती हसली नाही, रडलीही नाही. दात ओठ खाऊन तिने सेटिंग शोधलं. 'मनभाषा बंद केल्यास आपल्या आवडत्या व्यक्तीशी असलेलं नातं तुटेल. नक्की?' असं यंत्राने विचारलं. मग पुन्हा विचारलं. मग तिचे लहानपणचे फोटो दाखवून विचारलं. तिने दर वेळी अंगठा असा दाबला की मला काचेची काळजी वाटली.

मग तिने ती जुनी पत्रकार परिषद लावली. निळा पडदा, खाली घातलेली मान. हातानाका जपानीत बोलायला लागला. आवाज वेगळाच होता, घोगरा, मधे मधे अडखळणारा. त्यात शिवालीचं नाव कुठेच नव्हतं. ती पुढे वाकून ऐकत होती, आणि तिला काही कळत नाही हे मला स्पष्ट दिसत होतं.

माझ्या तोंडात भाषांतर तयारच होतं. "सांगू का, काय म्हणतोय ते?"

शिवालीने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांब, आत्या. आधी त्याला बोलू दे."